सबस्टॅन्शिया नायग्रा समजून घेताना: मध्यमेंदूच्या छेदापासून जोडण्यांच्या नकाशापर्यंत

वैद्यकीय शिक्षणाच्या पहिल्या वर्षी मध्यमेंदूचा ताजा आडवा छेद पहिल्यांदा समोर आला, तेव्हा त्यातली काळसर पट्टी, म्हणजे सबस्टॅन्शिया नायग्रा (पुढे थोडक्यात नायग्रा), मी लगेच ओळखली. काही दिवसांनी तोच भाग रंगवलेल्या काचपट्टीवर दाखवायला सांगितला गेला, आणि मी पुन्हा सर्वांत काळ्या दिसणाऱ्या जागेवर बोट ठेवले. ते उत्तर चुकीचे होते. पुढे जोडण्या शिकताना गोंधळ आणखी वाढला, कारण एकच नाव कधी उत्तेजनाच्या संदर्भात येत होते, कधी रोधाच्या, आणि दोन्ही विधाने एकाच पानावर असत. हे सारे सुरळीत लावायला मला बराच काळ लागला. ज्या क्रमाने अखेर उलगडा झाला, तो क्रम येथे मांडला आहे. शरीररचनाशास्त्र, चेताशास्त्र किंवा मानसशास्त्र नव्याने शिकणाऱ्या कोणालाही तो उपयोगी पडावा.

काय जवळ असावे

- कोरे, रेघा नसलेले कागद आणि साधी पेन्सिल.
- तीन रंगीत पेन्सिली: उत्तेजक जोडण्यांसाठी लाल, रोधक जोडण्यांसाठी निळी आणि डोपामीन या चेतापेशींमधल्या संदेशवाहक रसायनासाठी हिरवी.
- मेंदूचा एखादा अ‍ॅटलस, ज्यात मध्यमेंदूचे किमान तीन पातळ्यांवरचे आडवे छेद आणि एक-दोन उभे छेद असतील.
- एकाच पातळीची तीन प्रकारची चित्रे: न रंगवलेल्या छेदाचे छायाचित्र, मायलिन (तंतूंवरचे मेदयुक्त आवरण) रंगवलेला छेद आणि एमआरआय प्रतिमा.

ही तीन प्रकारची चित्रे जमवायला वेळ लागतो, पण ती शेजारी शेजारी ठेवल्याशिवाय पुढच्या पायऱ्यांचा अर्थ लागत नाही.

१. छेदाची दिशा आधी ठरवा

मध्यमेंदू हा मेंदूस्तंभाचा सर्वांत वरचा आणि सर्वांत आखूड भाग आहे. त्याची लांबी साधारण दोन सेंटिमीटर भरते. खाली पॉन्स, वर थॅलॅमसचा (मेंदूच्या बाह्यकाकडे, म्हणजे कॉर्टेक्सकडे, संदेश पुढे पाठवणाऱ्या केंद्राचा) प्रदेश, आणि मधून जाणारी अरुंद नलिका म्हणजे सेरेब्रल अ‍ॅक्विडक्ट. कोणताही छेद हातात आला की प्रथम ही नलिका शोधा. नलिकेच्या मागे जे छत आहे ते टेक्टम. त्यावर दोन वरचे आणि दोन खालचे उंचवटे असतात, त्यांना अनुक्रमे सुपीरियर आणि इन्फीरियर कॉलिक्युलस म्हणतात. नलिकेच्या पुढे टेगमेंटम, आणि अगदी पुढे दोन जाड खांबांसारखे क्रस सेरेब्री.

येथे पहिला सापळा आहे. शरीररचनेच्या पुस्तकांत मागची बाजू, म्हणजे टेक्टम, बहुतेक वेळा वर छापलेली असते. एमआरआयच्या आडव्या छेदात मात्र पुढची बाजू वर असते. त्यामुळे पुस्तकात खाली दिसणारे क्रस प्रतिमेत वर दिसतात. भर म्हणजे, एमआरआय प्रतिमा रुग्णाच्या पायांकडून पाहिल्याप्रमाणे मांडतात, म्हणून रुग्णाची उजवी बाजू पाहणाऱ्याच्या डाव्या हाताला येते. प्रत्येक चित्राच्या कोपऱ्यात स्वतःच्या हाताने ‘पुढे’, ‘मागे’, ‘उजवी’ आणि ‘डावी’ असे लिहून ठेवा. ही सवय मी उशिरा लावून घेतली, आणि त्याआधीच्या माझ्या कित्येक आकृत्या अखेर टाकून द्याव्या लागल्या.

२. एकच भाग तीन पातळ्यांवर काढा

सबस्टॅन्शिया नायग्रा म्हणजे एखादा ठिपका नाही. क्रस आणि टेगमेंटम यांच्या मधली ही पट्टी पॉन्सच्या वरच्या कडेपासून सबथॅलॅमिक प्रदेशापर्यंत, म्हणजे मध्यमेंदूच्या जवळपास संपूर्ण लांबीत पसरलेली असते. एकच छेद पाठ केला की ती सपाट वाटते; तीन छेद काढले की तिचा आकार मनात उभा राहतो.

इन्फीरियर कॉलिक्युलसच्या पातळीवर नलिकेच्या पुढे चौथ्या कपाल चेतेचे (क्रेनियल नर्व्हचे) केंद्रक, म्हणजे चेतापेशींचा पुंज, आणि मध्यभागी सुपीरियर सेरेबेलर पेडंकलच्या तंतूंची फुली दिसते. सुपीरियर कॉलिक्युलसच्या पातळीवर तिसऱ्या चेतेचे केंद्रक आणि दोन्ही बाजूंना गोल, ठसठशीत रेड न्यूक्लियस दिसतात, आणि पट्टीही चांगली रुंद झालेली असते. त्याहून वर, मध्यमेंदू संपून थॅलॅमसचा प्रदेश सुरू होतो तेथे, सबथॅलॅमिक न्यूक्लियस भिंगाच्या आकारात तिच्या वर येऊन बसतो. उभ्या छेदात हे दोघे इतके लगत असतात की नवशिक्याला एकाच्या जागी दुसरा दिसतो. पार्किन्सनच्या, म्हणजे कंप आणि हालचालींचा मंदपणा आणणाऱ्या आजाराच्या, रुग्णांत मेंदूत विद्युताग्र बसवताना शल्यविशारद याच सान्निध्याचा उपयोग करतात. सूक्ष्म विद्युताग्र सबथॅलॅमिक न्यूक्लियसमधून जाताना चेतापेशींचे स्पंदन अनियमित, झुबक्याझुबक्याने ऐकू येते. त्याची खालची सीमा ओलांडून ते नायग्रात शिरले की स्पंदन जलद आणि बरेचसे नियमित होते. आवाज बदलला म्हणजे सीमा गेली, हे त्यांना तेथे कळते.

३. शेजारी नावानिशी ओळखा

पुढच्या बाजूला क्रस सेरेब्री आहे. त्याच्या मधल्या मोठ्या भागातून मेंदूच्या बाह्यकाकडून मज्जारज्जूकडे आणि कपाल चेतांच्या केंद्रकांकडे जाणारे प्रेरक तंतू उतरतात. आतल्या व बाहेरच्या टोकांतून पॉन्सकडे जाणारे तंतू जातात. मागच्या बाजूला टेगमेंटम आणि रेड न्यूक्लियस. आतल्या बाजूला, दोन पट्ट्यांच्या मध्ये, व्हेंट्रल टेगमेंटल एरिया. तिसऱ्या चेतेचे तंतू आपल्या केंद्रकातून निघून रेड न्यूक्लियसमधून आणि नायग्राच्या आतल्या कडेजवळून पुढे येतात आणि दोन क्रसच्या मधल्या खोबणीत बाहेर पडतात. म्हणूनच या परिसरातील एकाच इजेत त्याच बाजूच्या डोळ्याची हालचाल आणि विरुद्ध बाजूच्या हातापायांची हालचाल एकत्र बिघडू शकते.

‘सेरेब्रल पेडंकल’ या शब्दाबद्दल सावध राहा. काही पुस्तके हा शब्द केवळ क्रससाठी वापरतात, तर काही पुस्तके क्रस, नायग्रा आणि टेगमेंटम या तिन्हींना मिळून पेडंकल म्हणतात. दोन पुस्तके एकाच वेळी वाचत असाल, तर कोणते पुस्तक कोणता अर्थ घेते हे आधी पाहा. मतभेद वाटतो तेथे बरेचदा निव्वळ शब्दाचा फरक असतो.

४. काळा रंग नेमका कशाचा आहे, हे समजून घ्या

या भागाला नाव त्याच्या रंगावरून मिळाले. नावाचा अर्थच ‘काळे द्रव्य’. हा रंग न्यूरोमेलॅनिन नावाच्या रंगद्रव्याचा असतो, आणि ते डोपामीन तयार करणाऱ्या चेतापेशींच्या आत साठत जाते. जन्माच्या वेळी ते डोळ्यांना दिसत नाही. बालपणात दिसू लागते आणि वयाबरोबर गडद होते. त्यामुळे लहान बाळाच्या मेंदूच्या छेदात काळी पट्टी सापडली नाही, तर भाग नाही असे समजू नये. उंदरांवर काम करणाऱ्यांनाही हीच सूचना लागू पडते: त्यांच्या मेंदूत हा भाग असतो, पेशी असतात, डोपामीन असते, पण डोळ्यांना दिसेल असा काळा रंग नसतो.

आता माझ्या सुरुवातीच्या चुकीकडे येतो. मायलिन रंगवणाऱ्या पद्धतींत तंतूंवरचे मायलिन गडद होते आणि पेशींची दाटी असलेले भाग फिके राहतात. क्रस सेरेब्री हा तंतूंचाच गठ्ठा असल्याने तो अशा काचपट्टीवर काळाकुट्ट दिसतो, आणि त्याच्या मागची फिकी पट्टी ही नायग्रा असते. ताज्या छेदात काळे ते नायग्रा, मायलिनच्या छेदात फिके ते नायग्रा, असे दोन्ही छेदांखाली लिहून ठेवा.

एमआरआयमध्ये तिसराच प्रकार घडतो. चुंबकीय संवेदनशीलतेवर आधारलेल्या प्रतिमांत हा भाग गडद दिसतो, परंतु त्याचे मुख्य कारण तेथे साठलेले लोह आहे, काळे रंगद्रव्य नव्हे. न्यूरोमेलॅनिनसाठी जुळवलेल्या खास प्रतिमांत तर रंगद्रव्य असलेला भाग उजळ दिसतो. म्हणून कोणतीही प्रतिमा वाचण्यापूर्वी ती कोणत्या पद्धतीने घेतली आहे हे विचारल्याशिवाय काळ्या-पांढऱ्याचा अर्थ लावू नका.

५. एक नाव, दोन भाग: ही पायरी घाईने ओलांडू नका

सगळ्या गोंधळाचे मूळ माझ्या मते येथे आहे. सबस्टॅन्शिया नायग्रा हे एकच नाव असले, तरी त्याखाली स्वभावाने पूर्णपणे वेगळे असे दोन भाग नांदतात.

मागच्या बाजूला, टेगमेंटमकडे, पार्स कॉम्पॅक्टा आहे. तेथील पेशी दाट असतात, डोपामीन बनवतात आणि काळा रंग त्यांचाच असतो. त्या संथपणे, सेकंदाला काही मोजक्या वेळा, स्वतःहून स्पंदन करीत राहतात. अनपेक्षित लाभ झाला की त्यांचे स्पंदन एकाएकी वाढते, आणि अपेक्षित लाभ हुकला की ते क्षणभर थांबते. पुढच्या बाजूला, क्रसला लागून, पार्स रेटिक्युलाटा आहे. तेथील पेशी विरळ असतात, गॅबा हे रोधक रसायन वापरतात आणि सतत, फार वेगाने स्पंदन करतात. बाहेरच्या टोकाला पार्स लॅटरॅलिस नावाचा लहानसा भागही मानतात. आरंभी त्याची नोंद घेऊन पुढे जावे.

रेटिक्युलाटाचे खरे नाते कॉम्पॅक्टाशी नसून ग्लोबस पॅलिडसच्या आतल्या खंडाशी आहे. ग्लोबस पॅलिडस हा बेसल गँग्लियाचा, म्हणजे हालचालींचे नियमन करणाऱ्या मेंदूच्या खोलातल्या केंद्रकांच्या समूहाचा, एक भाग. दोघांच्या पेशी सारख्या, रसायन सारखे, येणाऱ्या जोडण्या सारख्या आणि कामही सारखे: बेसल गँग्लियाचा निर्णय बाहेर पोहोचवणे. दोघांच्या मधून इंटर्नल कॅप्सूलचे (बाह्यकाकडे जाणाऱ्या-येणाऱ्या तंतूंच्या पट्ट्याचे) तंतू गेल्यामुळे ते दोन ठिकाणी दिसतात, इतकेच. त्याचप्रमाणे कॉम्पॅक्टाचे नाते आतल्या बाजूच्या व्हेंट्रल टेगमेंटल एरियाशी आणि मागच्या रेट्रोरुब्रल क्षेत्राशी आहे. डालस्ट्रॉम आणि फुक्से यांनी १९६४ मध्ये चेतापेशींना प्रतिदीप्तीने उजळवून जी क्रमवारी लावली, तिच्यात ही तीन क्षेत्रे अनुक्रमे ए९, ए१० आणि ए८ या क्रमांकांनी येतात. या तिन्हींच्या मध्ये भिंत नाही. पेशींचे समूह एकमेकांत मिसळत जातात, आणि अ‍ॅटलसमधली सीमारेषा ही चित्रकाराची सोय असते.

तरीही दोन भाग एकमेकांपासून तुटलेले आहेत असे समजू नका. कॉम्पॅक्टाच्या पेशींच्या लांब वृक्षिका (संदेश घेणाऱ्या शाखा, डेन्ड्राइट) खाली रेटिक्युलाटात उतरतात, तेथे येणारे संदेश घेतात आणि त्या वृक्षिकांमधूनच डोपामीन सोडतातही. उलट दिशेने रेटिक्युलाटाच्या पेशींच्या उपशाखा कॉम्पॅक्टाला रोधतात. आकृतीत हे दोन बाण छोटे काढावेत, पण काढावेतच.

कॉम्पॅक्टाच्या आतही सर्व पेशींचे भवितव्य सारखे नसते. १९९९ मध्ये डामिए आणि सहकाऱ्यांनी कॅल्बिंडिन या प्रथिनाच्या रंगाईवरून मानवी नायग्रात पेशींचे पाच पुंज दाखवले आणि त्यांना नायग्रोसोम म्हटले. त्यांतला पहिला पुंज सर्वांत मोठा, आणि पार्किन्सनच्या आजारात सर्वाधिक हानीही त्याचीच होते. निरोगी माणसाच्या योग्य पद्धतीने घेतलेल्या एमआरआयमध्ये गडद नायग्राच्या मागच्या भागात एक उजळ रेघ दिसते, ती याच पुंजाची. आजारात ती बहुधा नाहीशी होते.

६. बाण काढण्यापूर्वी चार प्रश्न विचारा

जोडण्यांची यादी पाठ करण्यात मी बरेच महिने घालवले, आणि ती प्रत्येक वेळी विसरलो. उपयोग झाला तो प्रत्येक बाणाला चार प्रश्न विचारण्याचा: कोठून निघाला, कोठे पोहोचला, कोणते रसायन सोडतो, आणि त्याने समोरची पेशी जागी होते की शांत होते? चारही उत्तरे माहीत नसतील, तर तो बाण अजून काढू नये. कॉम्पॅक्टा आणि रेटिक्युलाटा यांच्यासाठी दोन वेगळे कागद घ्या. एकाच कागदावर सुरुवात केली की बाण एकमेकांत गुंततात आणि पाचव्या पायरीवर मिळवलेली स्पष्टता पुन्हा हरवते.

७. पहिला कागद: कॉम्पॅक्टा

बाहेर जाणारा मुख्य बाण हिरवा आहे: कॉम्पॅक्टाकडून वर, त्याच बाजूच्या स्ट्रायटमकडे, म्हणजे कॉडेट आणि प्युटॅमेन यांच्याकडे. हाच नायग्रोस्ट्रायटल मार्ग. या पेशींचा विस्तार थक्क करणारा आहे. उंदरांमध्ये २००९ मध्ये एकेका पेशीचा अक्षतंतू (संदेश बाहेर नेणारा तंतू) संपूर्ण मागोवा घेऊन मोजला गेला, तेव्हा स्ट्रायटममधल्या त्याच्या शाखांची एकत्रित लांबी सरासरीने अर्ध्या मीटरच्या आसपास भरली. एवढा पसारा सांभाळणे हे या पेशी नाजूक असण्याचे एक कारण असावे, असे अनेक संशोधक मानतात.

स्ट्रायटममध्ये डोपामीनचा परिणाम ग्राहकावर, म्हणजे पेशीवरच्या रसायन धरणाऱ्या प्रथिनावर (रिसेप्टरवर), ठरतो. डी१ ग्राहक असलेल्या पेशी अधिक सजग होतात, तर डी२ ग्राहक असलेल्या पेशी शांत होतात. डोपामीनला सरसकट ‘उत्तेजक’ किंवा ‘रोधक’ म्हणणे हा फार पसरलेला दोष आहे, आणि हिरवी पेन्सिल वेगळी ठेवण्याचे कारणही हेच.

आत येणारे बाण अनेक आहेत: स्ट्रायटम आणि ग्लोबस पॅलिडसचा बाहेरचा खंड यांच्याकडून निळे, सबथॅलॅमिक न्यूक्लियसकडून लाल, मेंदूस्तंभातल्या पेडंक्युलोपॉन्टाइन न्यूक्लियसकडूनही प्रामुख्याने लाल. त्यांशिवाय सुपीरियर कॉलिक्युलस आणि डॉर्सल राफे यांच्याकडूनही तंतू येतात. पहिल्या दोन-तीन बैठकांत यांतले पहिले चार बाण पुरेसे आहेत.

८. दुसरा कागद: रेटिक्युलाटा

आत येणाऱ्यांपैकी तीन बाण घ्या. स्ट्रायटमच्या डी१ पेशींकडून थेट येणारा निळा. ग्लोबस पॅलिडसच्या बाहेरच्या खंडाकडून येणारा निळा. आणि सबथॅलॅमिक न्यूक्लियसकडून येणारा लाल. बाहेर जाणारे तीनही बाण निळे आहेत: थॅलॅमसकडे, सुपीरियर कॉलिक्युलसकडे आणि पेडंक्युलोपॉन्टाइन न्यूक्लियसकडे.

आता या कागदावर बोट फिरवत एक वाक्य मोठ्याने म्हणा: रेटिक्युलाटा सतत रोधत असतो, आणि स्ट्रायटम त्या रोधकाला रोधतो, तेव्हा पुढचा भाग मोकळा होतो. दोन निळे बाण एकापुढे एक आले की परिणाम मुक्तीचा होतो. ही गोष्ट एकदा पटली की थेट मार्ग, म्हणजे डी१ पेशींकडून सरळ रेटिक्युलाटाकडे येणारा मार्ग, हालचालीला वाट का देतो हे सांगावे लागत नाही. अप्रत्यक्ष मार्गात स्ट्रायटमच्या डी२ पेशी पॅलिडसच्या बाहेरच्या खंडाला रोधतात, त्यामुळे सबथॅलॅमिक न्यूक्लियस मोकळा होऊन रेटिक्युलाटाला अधिक चेतवतो, आणि थॅलॅमसवरचा रोध वाढतो.

याचे सर्वांत स्वच्छ उदाहरण डोळ्यांच्या हालचालीत मिळते. हिकोसाका आणि वुर्ट्झ यांनी माकडांवर केलेल्या आणि १९८३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत असे दिसले की, रेटिक्युलाटाच्या ज्या पेशी एरवी अखंड स्पंदत असतात, त्या नजर झटकन दुसरीकडे वळण्याच्या थोडे आधी थांबतात. तेवढ्या अवधीत सुपीरियर कॉलिक्युलसच्या पेशी मोकळ्या होतात आणि डोळे वळतात. थॅलॅमसचा लांबचा फेरा समजत नसेल, तर आधी हा आखूड मार्ग काढा. मला रोधाच्या रोधाची कल्पना याच उदाहरणातून प्रथम नीट कळली.

९. बाजूचा प्रश्न सोडवा

परीक्षेत आणि रुग्णाजवळही हमखास विचारला जाणारा प्रश्न: उजव्या नायग्राला इजा झाली, तर लक्षणे कोणत्या बाजूला दिसतील? अनेक जण ‘नायग्रोस्ट्रायटल मार्ग ओलांडून जातो’ असे चुकीचे कारण देऊन बरोबर उत्तर देतात. हा मार्ग बहुतांशी त्याच बाजूला राहतो. उजवा नायग्रा, उजवे स्ट्रायटम, उजवा पॅलिडस, उजवा थॅलॅमस, उजवे प्रेरक बाह्यक, अशी साखळी आहे. ओलांडणे होते ते शेवटी, मेड्युलाच्या पिरॅमिडपाशी, जेथे प्रेरक तंतूंची फुली होते. म्हणून लक्षणे डाव्या हातापायांत येतात.

ब्लॉक आणि मारिनेस्कू यांनी १८९३ मध्ये नोंदवलेला रुग्ण हे याचे इतिहासातले उदाहरण आहे. त्याच्या शरीराच्या डाव्या बाजूला पार्किन्सनसारखा कंप होता, आणि मृत्यूनंतर उजव्या सेरेब्रल पेडंकलमध्ये क्षयाची गाठ आढळली, जिने उजवा नायग्रा नष्ट केला होता. त्यावरून ब्रिसो यांनी या आजाराचे स्थान नायग्रात असावे असा तर्क मांडला. १९१९ मध्ये ट्रेटियाकॉफ यांनी आपल्या प्रबंधात अनेक मेंदू तपासून तेथील पेशींचा ऱ्हास दाखवला, आणि १९६० मध्ये एरिंगर व हॉर्निकिएविच यांनी अशा रुग्णांच्या स्ट्रायटममध्ये डोपामीनची मोठी घट मोजली. स्थान आधी सापडले आणि रसायन नंतर, आणि दोन्हींच्या मध्ये सदुसष्ट वर्षे गेली. हा क्रम लक्षात ठेवला तर पेशी नायग्रात मरतात आणि उणीव स्ट्रायटममध्ये का मोजली जाते, हा प्रश्नही सुटतो: पेशीचे शरीर खाली आहे, पण ती डोपामीन सोडते प्रामुख्याने वर.

१०. स्वतःची तपासणी

दोन्ही कागद झाकून ठेवा आणि कोऱ्या पानावर सुपीरियर कॉलिक्युलसच्या पातळीचा छेद काढा. दिशा लिहा, तिसऱ्या पायरीतले शेजारी लिहा, पट्टीचे दोन भाग वेगळे दाखवा. मग फक्त दोन बाण काढा, कॉम्पॅक्टाकडून निघणारा हिरवा आणि रेटिक्युलाटाकडून सुपीरियर कॉलिक्युलसकडे जाणारा निळा, आणि प्रत्येकाची चार उत्तरे शेजारी लिहा. उरलेले बाण दुसऱ्या दिवशी काढा. एखादा बाण आठवला नाही, तर पुस्तक उघडण्यापूर्वी तो कोणत्या कागदावरचा होता हे आठवून पाहा. बहुतेक वेळा बाण विसरलेला नसतो. तो चुकीच्या भागाला जोडला गेलेला असतो.